कवठेसंगमची तिसरी घंटा

ती वर कमानीत टांगलेली घंटा बघताय ना? घागरीएवढी, काळी पडलेली? बघा खुशाल, पण तिच्या दोराला हात लावू नका. तुम्ही परगावची नाटकवाली मंडळी, म्हणून आधीच सांगून ठेवते. आणि उन्हात कशाला उभे राहिलात? या इकडं, माझ्या दुकानाच्या सावलीला या. बांगड्यांच्या पेट्यांना तेवढा पाय लावू नका म्हणजे झालं.

मी द्वारका कासार. या आनंदविलास थिएटरच्या भिंतीला लागून माझं दुकान, पंचावन्न वर्षं झाली. तुमचे दिग्दर्शक सकाळी आमच्या मॅनेजरशी तावातावानं भांडले म्हणे, की तिसरी घंटा नाही म्हणजे काय, हा कसला खुळचटपणा! भांडू द्या. बाहेरून आलेला प्रत्येक माणूस एकदा भांडतोच. पहिली घंटा झाली की बाहेरच्यांनी आत यायचं, दुसरी झाली की जागेवर बसायचं, तिसरीला पडदा, हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुमचं पोटच त्यावर. पण आमच्याकडं दोनच होतात. दुसरी झाली की गावातलं कुणीतरी एक मागच्या बोळातून घाटावर जातं, नदीकडं नीट बघतं, परत येऊन या दारात उभं राहतं आणि नाही म्हणून मान हलवतं. मग पडदा वर जातो. असं का, ते ऐकायचं असेल तर बसा. दुसऱ्या घंटेला अजून वेळ आहे.

ही गोष्ट मला माझ्या सासूबाईंनी सांगितली. घडलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या आणि इथं आत, बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या. तेव्हा काही मी ऐकीव सांगते, काही त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं.

त्या काळी नदीवर पूल नव्हता. पल्याडच्या सात-आठ गावांना इकडं यायचं तर एकच नाव, लिंगू आंबीची. आणि हे थिएटर बांधताना दगड पल्याडच्या खाणीतून आला होता, तिथल्या लोकांनी आपल्या गाड्यांनी काठावर आणून टाकलेला, फुकट. तेव्हा गावानं त्यांना शब्द दिला, असं सांगतात. की बाबांनो, तुमची नाव लागल्याशिवाय आम्ही नाटक सुरू करणार नाही. नाटकंही म्हणून दुपारचीच लावायची, नावेला परतीच्या वाटेवर अंधार नको.

त्यासाठी ही घंटा बाहेर टांगली. आवाज पैलतीरापर्यंत जायचा. पहिली झाली की पल्याडची माणसं काठावर जमायची. दुसरी झाली की नाव सुटायची. ती सरळ येत नसे. मध्ये काळडोह आहे, तिथं पाणी गरगरतं. म्हणून लिंगू नाव काठाकाठानं वर वडापर्यंत न्यायचा आणि डोहाला वळसा घालून घाटाला लावायचा. चांगला अर्धा तास जायचा त्यात. नाव लागली की लिंगू शिंग फुंकायचा. ते ऐकलं की इथं तिसरी घंटा. इथून, पोर्चमधून, नदी दिसत नाही. थिएटरची पाठ नदीकडं आहे ना! शिंगाचा आवाज तेवढा छपरावरून यायचा.

घंटेचं काम शिदोबा गुरवाकडं होतं. सकाळी देवळात पूजा, नाटक असेल त्या दिवशी इथं. बायको लवकर गेली, एक मुलगी मागं ठेवून. आवडी तिचं नाव. ती पोर या थिएटरातच वाढली म्हणायला हरकत नाही. बाप बाहेर दोरापाशी आणि ही आत मांडी घालून बसलेली. सगळी नाटकं तोंडपाठ, कुणी वाक्य विसरलं तर खालून ही सांगायची म्हणे. मोठमोठ्या मिशीवाल्या राजांना हिनं खालून वाक्यं पुरवली आहेत.

मग तिचं लग्न झालं, पल्याड आडोळीत. सासर खाऊनपिऊन सुखी, पण कडक. नाटक म्हणजे त्यांच्या लेखी नासकं काम. घरची सून थिएटरात जाऊन बसणार? नाव काढायचं नाही. सहा वर्षं ती पोर त्या काठावर राहिली, घंटा ऐकत. पहिली ऐकायची, दुसरी ऐकायची, तिसरी ऐकायची, आणि भाकरी थापायची. बापाला ते माहीत होतं. आपण घंटा दिली की ती तिकडं कान टवकारून उभी असणार, हे त्याला दर खेपेला कळायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, शिदोबा तिसरी घंटा देताना नेहमी नदीच्या दिशेला तोंड करायचा.

दर दिवाळीला तो व्याह्यांकडं जायचा आणि विचारायचा, एका नाटकाला पाठवा. ते नाही म्हणायचे. सातव्या वर्षी हो म्हणाले. कुणी सांगतात नातू झाला म्हणून मन पालटलं. कुणी सांगतात शिदोबानं त्यांच्या उंबऱ्यावर आपलं पागोटं काढून ठेवलं. मला दुसरं खरं वाटतं. लेकीसाठी बाप काय करत नाही!

निघताना आवडीनं त्याला विचारलं म्हणे, "आबा, पोराला सासूबाईंपाशी निजवून यायचं तर मला काठावर यायला उशीर होईल. तोवर तुमची तिसरी झाली तर?"

शिदोबा हसला. म्हणाला, "घंटा कुणाच्या हातात आहे गं? राजा येऊन बसला तरी नाव लागल्याशिवाय तिसरी देणार नाही. तू सावकाश ये."

एवढंच बोलणं झालं दोघांचं. हे लक्षात ठेवा.

आता त्या दिवाळीचं नाटक होतं कुठल्याशा राजाचं. त्यात राजा दरबारात येतो तेव्हा शिंग वाजायचं. आमच्या हौशी मंडळींकडं होता एक पत्र्याचा कर्णा. तो फुंकला की म्हैस ओरडल्यासारखं व्हायचं आणि लोक राजाला हसायचे. शिदोबाला ते खपेना. सहा वर्षांनी माझी लेक येणार आणि तिच्यापुढं असलं हसं? नाटक झक्कास व्हायला पाहिजे. तो तडक लिंगू आंबीच्या घरी गेला. लिंगूकडं शिंगं दोन होती, एकाच रेड्याची जोडी. एक नावेत असायचं, एक घरात खुंटीला. शिदोबानं खुंटीचं मागितलं. लिंगूनं तेल लावून, पुसून दिलं. आवडी येणार म्हणून त्यालाही आनंद झाला होता. शिदोबानं ते उपरण्यात गुंडाळून स्वतःच्या हातानं इथं आणलं आणि रंगपटात ठेवलं.

कळलं ना तुम्हाला? नाही, असे चेहरे करू नका, ऐका पुढं.

नाटकाच्या दिवशी तो पहाटेच येऊन बसला. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत, मधोमध, त्यानं ते उपरणं अंथरलं. माझ्या सासूबाई, सहा वर्षांच्या, त्याच्यावर जाऊन बसायला लागल्या तर म्हणाला, "तिथं नको बाळ. तिथं आमची आवडी बसणार आहे." सासूबाई शेजारी सरकून बसल्या. त्या उपरण्याला भस्माचा वास येत होता, हे त्या म्हातारपणीसुद्धा सांगायच्या.

पहिली घंटा झाली, दुसरी झाली. वरच्या अंगाला कुठंतरी पाऊस होऊन गेला होता, नदीचं पाणी गढूळ होऊन दोन हात चढलेलं. नाव आज हळू येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आत लोक दाटीवाटीनं बसलेले, कुणाची तक्रार नव्हती. शिदोबा दोर हातात घेऊन उभा, सगळं लक्ष कानात.

आणि शिंग वाजलं.

रंगपटात द्वारपालाचं काम करणारा बापू तांबट होता. त्यानं शिंग हातात घेतलं, नवी वस्तू, वाजते तरी कशी बघावं म्हणून एक लांब फुंक मारली. बस्स. नाटकातला कुठलाही माणूस हेच करतो, तुम्हीही आज सकाळपासून काय काय वाजवून बघताय. पण रंगपट थिएटरच्या मागच्या अंगाला. तो आवाजही छपरावरूनच आला, नदीच्याच बाजूनं, त्याच जोडीतल्या शिंगाचा. शिदोबानं एका क्षणाचाही विचार केला नाही. का करावा? "आली! माझी आवडी आली!" असं तो मोठ्यानं ओरडला, सगळ्या पोर्चनं ऐकलं, आणि त्यानं तिसरी घंटा दिली. तशी जोरात त्यानं आयुष्यात कधी दिली नव्हती, असं सांगतात. आनंदानं दिली हो त्यानं. मला तेच सहन होत नाही.

नाव तेव्हा वडापर्यंतही पोचली नव्हती, डोहाचा वळसा अजून घ्यायचाच होता.

नावेत तेरा माणसं होती. त्यातली पाच वाचली, लिंगू धरून. पुढचं त्याच्या तोंडचं. उशीर झालाच होता, आवडीसाठीच थोडं थांबले होते, म्हणून लोक कुरकुरत होते. आवडी सगळ्यांना समजावत होती, "घाई करू नका हो. माझे आबा थांबतील. त्यांनी मला सांगितलंय." आणि तेवढ्यात घंटा ऐकू आली. तिसरी. आधी कुणाचा विश्वास बसेना. मग एकदम गलका झाला, सरळ घे, लिंगू, सरळ घे, सुरू झालं नाटक! दोघं-तिघं उठून उभे राहिले, एकानं वल्ह्याला हात घातला. लिंगू ओरडला की बसा, अरे बसा. पण नावेचं तोंड फिरलं होतं. डोहानं ती आत ओढली.

इथं आत पडदा वर गेला होता. राजा आला, शिंग वाजलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेरचं काही आत कळायला मार्ग नव्हता.

शिदोबा या दारात उभा राहिला, लेक बोळातून येईल म्हणून. कुणी येईना. तो घाटावर गेला. घाटाच्या पायऱ्यांवर कुणी नव्हतं, नाव नव्हती. बऱ्याच वेळानं खालच्या अंगाला लव्हाळ्यात लिंगू सापडला, हाताला शिंग अडकलेलं. थिएटरातून टाळ्यांचा आवाज घाटापर्यंत येत होता.

सात जण दुसऱ्या दिवशी खाली बंधाऱ्यापाशी मिळाले. आवडी मिळाली नाही. शोधायचं तेवढं शोधलं. सासरच्यांनी शिदोबाला दारात उभं केलं नाही, नातवाचं तोंड दाखवलं नाही. तो पोरगा मोठा झाला, म्हातारा झाला, पूल झाला तरी त्यानं कधी या काठावर पाय ठेवला नाही.

बापू तांबटाला कुणी काही बोललं नाही. शिदोबालाही कुणी बोललं नाही. पण तो रोज घाटावर जायचा आणि लिंगूला एकच विचारायचा, "घंटा झाली तेव्हा ती काय म्हणाली?" लिंगू सांगायचा, काही नाही, काही बोलली नाही. रोज हा विचारायचा, रोज तो तेच सांगायचा. वर्षभर. शेवटी लिंगूच्यानं राहवेना. त्यानं सांगून टाकलं. घंटा ऐकली आणि आवडी गप्प झाली. लोक ओरडत होते तेव्हा ती बसूनच होती. मग हळूच म्हणाली, "थांबले नाहीत."

लिंगूनं सांगायला नको होतं. मेला असता तरी सांगायला नको होतं, असं माझं म्हणणं आहे. काय मिळालं सांगून? त्या बापाला आयुष्यभर एवढाच शब्द पुरला. तो थांबला होता हो! सहा वर्षं थांबला होता. आणि पोर जाताना असं समजून गेली की आबानं शब्द मोडला. आता हे तिला कोण जाऊन सांगणार होतं?

त्या वर्षभर थिएटर बंद होतं. पुढच्या दिवाळीला पंच म्हणाले, घंटा उतरवून टाकू, नको ती आठवण. तर शिदोबा आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं पहिली घंटा दिली, वेळेवर. दुसरी दिली. मग दोर सोडला आणि मागच्या बोळातून घाटावर गेला. बऱ्याच वेळानं तो परत आला, या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "नाव लागलेली नाही."

पंच उठून आले. सगळ्यात वयस्कर होते त्यांनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "शिदोबा, अरे आता कसली नाव? दे बाबा तिसरी, मोकळा हो."

शिदोबा म्हणाला, "तुम्ही नाटक करा, माझं काही म्हणणं नाही. पण तिला मी शब्द दिलाय, नाव लागल्याशिवाय तिसरी देणार नाही. एकदा खोटी दिली. आता देईन ती खरीच देईन."

त्यानं असं बावीस वर्षं केलं, असं सांगतात. दोन घंटा, मग घाट, मग नाही म्हणून मान. पुढंपुढं बोलायचाही नाही, नुसती मान हलवायचा. एका दुपारी दुसरी घंटा देऊन गेला तो आलाच नाही. लोक बघायला गेले तर शेवटच्या पायरीवर बसलेला, नदीकडं तोंड करून. तेव्हापासून गावानं पाळी लावली. दर नाटकाला एकेका घरानं जायचं, बघायचं, यायचं. कुणी ठराव केला नाही की काही नाही. सुरू झालं ते झालं.

तुम्हाला वाटत असेल, एकदा कुणी तिसरी दिली तर काय होईल? तेही झालंय. माझ्या लग्नाला दहाएक वर्षं झाली असतील, एक मोठी कंपनी आली होती. त्यांचा मॅनेजर भलता हट्टी. म्हणाला, अंधश्रद्धा आहे ही, आणि सगळ्यांदेखत जाऊन त्यानं तिसरी दिली. अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. त्याला मारायला नव्हे, बाई. ऐकायला. आम्हाला सगळ्यांना आतून वाटत होतं की आता नदीकडून शिंग वाजेल. मी स्वतः श्वास धरून उभी होते. सासूबाईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की माझ्याच बांगड्या पिचल्या.

काही झालं नाही. रस्त्यानं एक ट्रक गेला, तेवढाच आवाज. लोक खाली बसले. आता काहीजण छातीठोक सांगतात की शिंग ऐकलं, डोहातून उजेड दिसला. साफ खोटं. मी तिथं होते. काही म्हणजे काही झालं नाही. सासूबाई त्यानंतर नाटकाला आल्या नाहीत. म्हणाल्या, इतकी वर्षं वाटायचं की कोणीतरी ऐकत असेल.

तर असं आहे. आणि आता हे थिएटरच जायचं. सोमवारपासून पाडायला घेणार आहेत, खाली गाळे आणि वर कसलं तरी सभागृह. आजचा तुमचा प्रयोग शेवटचा. घंटा कुठं जाणार कुणाला माहीत नाही. भंगारात जाईल, नाहीतर कुणाच्या तरी बंगल्यात शोभेला.

काय म्हणालीस गं पोरी? आज शेवटचा दिवस आहे, तर आज तरी तिसरी द्या? गावातले पुष्कळजण हेच म्हणताहेत. म्हाताऱ्याला सोडवा एकदाचा. मी त्यांना सांगितलं तेच तुला सांगते. देऊ की. नाव लागली की देऊ. तिला दिलेला शब्द आपल्या मनानं पुरा करणारे आपण कोण? राहिली तर राहू दे तशीच. त्या दिवसानंतर नव्वद वर्षं या थिएटरात किती नाटकं झाली, लोक आले, रडले, हसले, घरी गेले. पण नियमानं बघायचं तर त्यातलं एकही अजून सुरू झालेलं नाही. आता होणारही नाही.

ही बघा, झाली दुसरी. उठा, तोंडं रंगवायची राहिली असतील कुणाची तर उरका. माझ्या चपला कुठं गेल्या? आज पाळी आमच्या घराची आहे, आणि घरात मीच उरलेय. नदीत आता पाणी नाही, नाव तर कधीच नाही. वाळू उपसून नुसते खड्डे आहेत आणि वेड्या बाभळी. मला काय दिसत नाही होय? पण आजही काठापर्यंत जायचं, शेवटच्या पायरीवर उभं राहून वडापर्यंत नीट बघायचं, आणि मग परत यायचं. मी दारात येऊन मान हलवली की पडदा घ्या वर.

आणि एक काम करा माझं. मी घाटावरून परत येईपर्यंत आत कुणीही शिंग, तुतारी, काही वाजवून बघू नका.